काहील : एका जुन्या शिडाच्या होडीच्या नोंदी

9 ऑक्टोबर 2022, रविवार (कोजागरी)

होडी आली. रात्री साडेदहाला पिकअप गल्लीच्या तोंडाशी थांबली, तेव्हा गच्चीवर दूध आटत होतं. होडी पालथी, खाली दोन जुने टायर, मागं चार फूट बाहेर आलेली आणि टोकाला लाल फडकं. गल्लीतली सहा पोरं पुढं झाली. "काका, वजन किती?" म्हणाली. शंभरच्या आत, असं विकणाऱ्यानं सांगितलेलं, तेच मी सांगितलं. शेडपर्यंतच्या तीस पावलांत सहाही जणांना घाम फुटला. मग सगळे दूध प्यायला वर.

वरच्या मजल्यावरचे आबा खालीच रेंगाळले. होडीभोवती एक फेरी मारली, काठीनं बुडाला टकटक केलं आणि म्हणाले, "आमची काहील ह्यापेक्षा बरी हुती."

आबा मूळचे नदीकाठच्या प्रयाग चिखलीचे. तरुणपणी पावसाळ्यात वैरणीसाठी गुऱ्हाळाची, रस आटवायची आठ फुटी काहील पाण्यात सोडून पलीकडं जायचे. वल्हं म्हणून खोऱ्या. त्यांच्या शब्दाला वजन आहे.

10 ऑक्टोबर

सुरुवातीला हिची जन्मपत्रिका लिहून ठेवतो. प्रकार 'एंटरप्राइज'. जॅक होल्ट या इंग्रज आराखडेकारानं 1956 साली काढलेला. लांबी 4.04 मीटर, दोन माणसांची, उघडी, प्लायवूडची. आपल्याकडच्या सेलिंग क्लबांत हा प्रकार बरीच वर्षं चालला, त्यातलीच ही एक. पुण्याकडं एका तलावाच्या काठी ताडपत्रीखाली कित्येक पावसाळे पडून होती. किंमत लिहीत नाही, घरी ही वही वाचली जाते.

मी पॅटर्न मेकर. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात तो नमुना) करतो, वडीलही तेच करायचे. आता निम्मं काम सीएनसी मशीननं नेलं. त्यामुळं हात मोकळे असतात आणि सागवानाचे तुकडे पडून असतात. समुद्र मात्र घाटाखाली, गाडीनं चार तासांवर.

बेत असा : मार्चमध्ये विजयदुर्गच्या खाडीत एक रात्र होडीतच मुक्काम. सोबत थोरली लेक. ती पोहते माझ्यापेक्षा चांगली आणि घाबरते कमी.

16 ऑक्टोबर, रविवार

चेनब्लॉक लावून होडी टांगली आणि भंगारवाल्याच्या लटकत्या काट्यावर मोजली. 131 किलो.

नव्या होडीचं रिकामं अंग 94 किलोच्या आसपास असतं. मग हे वरचे 37 किलो कशाचे? रंगाचे थर असतील, भेगांत भरलेली लांबी असेल. बाकी पाणी. लाकडानं पिऊन ठेवलेलं.

दिवसभर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन ठोकत बसलो. चांगल्या प्लायचा आवाज टणक येतो. कुजलेल्याचा पिकल्या फणसासारखा, बद्द. डाव्या बाजूला मागच्या फळीजवळ, सेंटरबोर्डच्या (होडी वाऱ्यानं बाजूला सरकू नये म्हणून मधून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या बुडाशी आणि नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, आत असे तीन बद्द सापडले. मागच्या बाजूला रंग खरवडला तर खाली मोटारीच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी, तिच्यावर फायबरची पट्टी, वर रंग. आधीच्या कुणीतरी कुजकं लाकूड तसंच ठेवून वर मलमपट्टी केलेली. टोच्या लावला तर मुठीपर्यंत आत गेला. ओला भुसा बाहेर आला, तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा.

संध्याकाळी देवगडच्या साडूंना फोन. ते म्हणाले, "गोड्या पाण्यातली होडी ना? मग कुसतलीच." लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला सतत ओल लागते आणि हवा लागते. मिठाचं पाणी तिला मानवत नाही. म्हणून समुद्रातली होडी वर्षानुवर्षं टिकते आणि तलावाकाठी पावसाचं पाणी साठवून बसलेली आतून पोकळ होते. पाणी आत येतं त्यानं होडी मरत नाही. त्याला बाहेर जायला वाट नसते त्यानं मरते. साडूंनी अजून एक सांगितलं : होडीत कुठं ओल दिसली की पुसायच्या आधी जिभेला लावून बघ. खारट असेल तर बुडातून, गोड असेल तर वरून.

29 ऑक्टोबर

दिवाळीचे चार दिवस हात लागला नाही. होडी उलटी, खाली दोन पंखे चालू. लाइट बिलावरून बोलणी.

6 नोव्हेंबर, रविवार

कापलं. डावीकडचा 70 सेंटिमीटरचा तुकडा आणि मागच्या फळीचा खालचा कोपरा. कापताना हात थरथरतो हे खरं. पॅटर्न चुकलं तर नवं लाकूड घेता येतं. इथं करवत जिथं थांबते तिथपर्यंत आपण होडीला भोक पाडलेलं असतं. नियम एकच ठेवला : कुजकं संपलं की चांगल्या लाकडात अजून चार बोटं पुढं जायचं.

आत बघितलं आणि कारण समजलं. होडीच्या बुडाला आतून आडव्या पट्ट्या असतात. त्यांच्याखालून पाणी मागं वाहून जावं म्हणून बारक्या खाचा ठेवलेल्या असतात. त्या खाचा रंगानं आणि कचऱ्यानं बुजल्या होत्या. प्रत्येक पट्टीमागं एक डबकं. एका खाचेत चिंचोका सापडला. एका चिंचोक्यानं एवढं नुकसान!

13 नोव्हेंबर, रविवार

प्लायवूड. मरीन प्लायचं आपल्याकडचं मानक आयएस 710. साधं पाणी सोसणारं म्हणून मिळतं ते आयएस 303. दोघांचा शिक्का लांबून सारखाच दिसतो आणि दुकानदार "एकच हाय ओ" म्हणतो. एकच नाही. 710 च्या प्लायला 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून चिकटपणा बघायचा असतो.

दोन दुकानांतून दोन नमुने आणले, दोन्हींवर 710 चा शिक्का. अंगणात चूल मांडून जुन्या पातेल्यात शिजायला टाकले. बायको येऊन बघून गेली, "मीठ घातलंसा का?" पहिला नमुना सातव्या तासाला वहीसारखा सुटला, पानं न् पानं वेगळी. दुसरा तीन दिवस लेकीनं आणि मी पाळीपाळीनं जाळ घालून उकळला. काळा पडला, पण पटाशी लावूनही थर सुटेना. दुसऱ्याकडून 6 मिमीची एक शीट घेतली.

20 नोव्हेंबर, रविवार

तिरका सांधा. जुन्या प्लायला नवा तुकडा नुसता चिकटवला तर तिथं पहिल्याच लाटेला चीर पडेल. दोन्ही कडा जाडीच्या आठपट लांबीच्या उतारानं तासायच्या. 6 मिमीला 48 मिमी. मग एक उतार दुसऱ्यावर बसवायचा, गालाला गाल लावल्यासारखा.

या कामात प्लाय स्वतःच माप देतं. रंधा मारत गेलं की त्याचे थर एकेक उघडे पडतात. फिकट, गडद, फिकट, अशा पट्ट्या. त्या पट्ट्या सरळ आणि एकमेकींना समांतर असतील तर उतार बरोबर. पट्टी जिथं पोटाशी फुगली तिथं रंधा जास्त लागलाय. स्केल, गेज काही नको. नव्या तुकड्याचा उतार बाकावर अर्ध्या तासात झाला. होडीच्या अंगावरचा करायला दुपार गेली, कारण तिथं उभं राहून उलट्या हातानं रंधा धरावा लागतो. शेवटचे केसाएवढे थर काचेच्या तुकड्यानं खरवडले. वडील तसंच करायचे. काच घ्यायची, पॉलिश कागद नाही. कागद कडा गोल करतो.

4 डिसेंबर, रविवार

इपॉक्सीनं (दोन द्रव कालवले की घट्ट होणारा डिंक) इंगा दाखवला. थंडी आहे म्हणून घट्ट व्हायला वेळ लागेल या हिशोबानं एकदम अर्धा लिटर कालवलं, तेही दह्याच्या उभ्या डब्यात. लेक सांधा पुसत होती, तोवर डबा गरम झाला, मग धूर, मग प्लास्टिक वाकलं. चिमट्यानं उचलून अंगणात फेकला. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच उष्णता काढतं. खोल भांड्यात ती उष्णता बाहेर पडत नाही, त्यानं अजून लवकर घट्ट होतं, त्यानं अजून गरम. हॉटेलच्या जर्मनच्या ताटात पसरून ठेवलं असतं तर तासभर टिकलं असतं. आबा गॅलरीतून : "जाळ अन् धूर संगटच!"

दुसऱ्यांदा थोडं थोडं कालवून ताटात ओतलं. सांधा बसला. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी, फळीवर साखळ्यांची पोती.

आतले कोपरे मात्र मजेत झाले. इपॉक्सीत लाकडाचा पीठभुसा घालून श्रीखंडाएवढं दाट करायचं आणि आतल्या काटकोनात चमच्याच्या पाठीनं गोलाई द्यायची. आमच्या धंद्यात याला फिलेटच म्हणतात. ओतकामात तीक्ष्ण कोपऱ्यात चीर पडते म्हणून पॅटर्नला मेणाची नाहीतर चामड्याची फिलेट बसवतो. तीस वर्षं हाताला तीच वळणं. होडीत वेगळं काही करावं लागलं नाही.

11 डिसेंबर

सेंटरबोर्डची पेटी बसवली. सगळ्या खाचा मोकळ्या केल्या, करंगळी जाईल एवढ्या, आणि आतून इपॉक्सी पाजलं. एक मग पाणी नाळेत ओतलं, मागच्या बुचापर्यंत गेलं. पुन्हा ओतलं. कारण नव्हतं, बघायला बरं वाटलं.

18 डिसेंबर, रविवार

सुकाणू टांगायच्या बिजागऱ्या. जुन्या पितळी होत्या, गुलाबी पडलेल्या. सतत ओलीत, खाऱ्या पाण्यात तर जास्तच, पितळेतलं जस्त निघून जातं, मागं भुसभुशीत तांबं उरतं. हातोडीच्या एका टोल्यात तुकडा पडला. स्टीलच्या रेडीमेड मिळतात, पण फाउंड्रीच्या गावात राहून बिजागरी विकत आणली तर वडील स्वप्नात येतील.

सागवानाचं पॅटर्न केलं. बीड थंड होताना मीटरमागं सुमारे 10 मिमी आटतं, गनमेटल त्याहून जास्त, मी 15 धरून पॅटर्न तेवढं मोठं ठेवलं. गनमेटल म्हणजे 88 भाग तांबं, 10 कथील, 2 जस्त. ओळखीच्या एका छोट्या फाउंड्रीत काल संध्याकाळी ओतून घेतल्या. शेठनी वजनाचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. "समुद्रावर आमचं नाव सांग," म्हणाले. नाव लिहायचं नाही असं ठरवलंय, पण धातूवर आतल्या बाजूला त्यांचं एक अक्षर पॅटर्नमध्येच कोरून ठेवलं होतं. त्यांना अजून दिसलेलं नाही.

आज कानशीनं साफ करायच्या होत्या. मदतीला येणारा पोरगा दुपारीच पळाला. रात्री फुटबॉल वर्ल्डकपची फायनल, अर्जेंटिना–फ्रान्स, पेठेत पडदा लागलाय. मीही साडेआठला कानस ठेवली. त्या मॅचनंतर झोप कुठली. बिजागऱ्या रात्री अडीचला बसल्या.

8 जानेवारी 2023, रविवार

वल्ही. सरळ धाग्याचं पाइन मिळालं, 2.4 मीटरची दोन केली. वल्हं जिथं कड्यात घासतं तिथं चामडं लागतं. नाहीतर एका मोसमात लाकूड कापलं जातं. सुभाषनगरात एका चप्पल करणाऱ्या काकांकडं गेलो. चामडं म्हशीचं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, कोल्हापुरीच्या तळव्याचं. काकांनी विचारलं, "पायाचं माप?" वल्हं पुढं केलं.

त्यांनी चामडं रात्रभर भिजवून ठेवलं, सकाळी ओलंच वल्ह्याभोवती ताणलं. दोन कडा एकमेकींवर चढवल्या नाहीत, कडेला कड भिडवली आणि आरीनं तिरकी भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं आतल्या आत शिवली. वाळल्यावर चामडं आक्रसलं आणि लाकडाला असं बसलं की खिळ्याची गरज नाही. शिवण कड्यावर येऊ नये म्हणून कुठल्या बाजूला ठेवायची हे त्यांनीच मला वल्हवून दाखवायला लावून ठरवलं. दुकानात, स्टुलावर बसून, हवेत वल्हवलं. रस्त्यावरच्यांनी बघितलं.

शिडाच्या कोपऱ्यांनाही त्यांच्याकडूनच चामडं लावून घेतलं.

15 जानेवारी, रविवार (संक्रांत)

रंगाचा शेवटचा हात. बाहेरून पांढरा, आतून पिवळा, कारण पिवळ्यावर ओल लगेच दिसते. नाव आबांनी सुचवलं नाही, पण त्यांच्यामुळंच पडलं : काहील. लेकीनं मागच्या फळीवर लिहिलं. आबांना तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा सांगितलं. काही बोलले नाहीत. संध्याकाळी खाली येऊन अक्षरांवरून बोट फिरवलं, रंग ओला होता. 'ही' वर त्यांचा ठसा आहे, तसाच ठेवलाय.

वजन : 106 किलो. तीन महिन्यांत 25 किलो उतरले आणि त्यात नवं लाकूड, इपॉक्सी, गनमेटल आलं.

22 जानेवारी

शीड. क्लबच्या शर्यतीचं शीड पूर्ण उघडायचं किंवा पूर्ण उतरवायचं, मधलं काही नाही. दोघांनी सामानासकट खाडीत जायचं तर वारा वाढला की शीड खालून गुंडाळून लहान करता आलं पाहिजे. ताडपत्री शिवणाऱ्या मामांकडून त्यावर बांधायच्या फितींच्या दोन आडव्या ओळी मारून घेतल्या. त्यांनी आधी साधी सरळ शिवण घातली, मी नागमोडी मागितली. शीड ताणलं की सरळ दोरा तुटतो, नागमोडी शिवण कापडाबरोबर लांबते. मामा म्हणाले, "मंडपाला असलं कोण मागत नाही." मंडप उडाला तर लोक पळतात, इथं पळायला जागा नाही.

29 जानेवारी, रविवार

राजाराम तलाव. आधी परवानगीचं विचारून घेतलं. सकाळी सातला पाण्यात. तरंगली. अर्ध्या तासानं सेंटरबोर्डच्या पेटीजवळ एक थेंब, पिवळ्यावर चमकला. चाखला. तलावाचं पाणी सगळंच गोडं, त्यामुळं काही कळलं नाही. हसलो दोघं.

डोलकाठीचे तणावे सैल होते ते ओढले. वारा ईशान्येकडून हलका. विद्यापीठाच्या बाजूच्या काठापर्यंत जाऊन वळून आलो. पहिल्यांदा शिडानं दोर ओढला तेव्हा लेक ओरडली, "पप्पा, हे जिवंत आहे!" काठावर पोहायला आलेल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग कपडे काढून पोहायला लागले.

5 फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद महत्त्वाची. मुद्दाम उलटवली.

तरंगण्यासाठी आत हवेचे डबे लागतात. एक लिटर हवा म्हणजे एक किलो उचल. बाजूच्या बैठकांखाली 20 लिटरचे तेलाचे सहा कॅन, झाकणं सील करून, रुंद पट्ट्यांनी बांधलेले. 120 किलोची उचल, कागदावर पुरेशी.

जॅकेटं घालून दोघं एका बाजूला झुकलो, होडी आडवी झाली, शीड पाण्यावर. सेंटरबोर्डवर उभं राहून ती सरळ करणं सोपं गेलं. पण सरळ झाली ती काठोकाठ भरलेली. लेक बादलीनं उपसायला लागली. पन्नास बादल्या, शंभर बादल्या, पाणी तेवढंच. मग लक्षात आलं. सेंटरबोर्डच्या पेटीचं वरचं तोंड उघडं असतं आणि ते बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली गेलेलं. आपण वरून काढतो तेवढं पाणी पेटीच्या तोंडातून आत येतंय. शर्यतीत बचाव नाव येऊन ओढून नेते. खाडीत कोण येणार?

शेवटी लेकीनं टीशर्ट काढून पेटीच्या फटीत कोंबला (आत पोहण्याचा पोशाख होता), तेव्हा कुठं पाणी उतरायला लागलं. वीस मिनिटं लागली. आबा काठावर बसून होते. परतताना गाडीत एकदाच बोलले. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 43. त्यांना घरातून होडीनं बाहेर काढलं. "त्या होडीत बसताना मी इचारलं न्हाई की हिच्यात पाणी आलं तर काय. इचारायला पायजे हुतं."

12 फेब्रुवारी

पेटीच्या तोंडावर लाकडी झाकण, खाली रबर, दोन फुलपाखरी नट. बुडालगत दोन्ही बाजूंना आणखी चार कॅन. नाळेतला बंद कप्पा मी हौसेनं पूर्ण सील केला होता. त्यालाही भोक पाडून फिरवायचं झाकण बसवलं. बंद कप्प्यात ओल गेली तर दिसणारही नाही आणि निघणारही नाही. मी तेच करून बसलो होतो जे त्या पुट्टीवाल्यानं केलं.

19 फेब्रुवारी, रविवार

पुन्हा उलटवली. या वेळी पेटीचं तोंड पाण्याच्या चार बोटं वर राहिलं. उपसायला सहा मिनिटं. आबा आले नव्हते, फोन करून सांगितलं. "बरं," म्हणाले.

26 फेब्रुवारी

सामान. 4 किलोचा नांगर उद्यमनगरात वेल्ड करून घेतला, पुढं 3 मीटर साखळी, मग 30 मीटर दोर. साखळी नांगराचा दांडा खाली दाबून ठेवते, नुसता दोर असला तर तो वर उचलला जातो. पाणी 20 लिटर. बूमवर (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर) टाकून होडीचा तंबू करायची ताडपत्री. खाणं : भाकरी, खर्डा, भडंग, गूळ. 1963 साली फ्रँक डाय नावाच्या इंग्रजानं 16 फुटी उघड्या होडीतून स्कॉटलंड ते आइसलँड गाठलं. त्यांच्याकडं खर्डा नव्हता.

भरतीचा हिशोब साडूंनी शिकवला : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. 4 मार्चला द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास भरती पूर्ण, दुपारी तीनला ओहोटीचा तळ. तक्त्याशी ताडून बघितलं. अंगठ्याचा नियम आहे, पण अंगठा चांगला आहे.

4 मार्च, शनिवार

पहाटे पाचला निघालो, गगनबावड्यावरून खाली. घाटात ऊसवाल्या गाड्यांमागं दोरानं बांधलेली काहील. साडेनऊला विजयदुर्ग. बंदरावर कळवलं, साडूंच्या ओळखीच्यांना भेटलो आणि पाणी उतरायच्या आत होडी सोडली, नाहीतर चिखलातून ओढावी लागली असती. जेवून तीनची वाट बघत बसलो. एक मासेवाले तात्या येऊन बिजागरीवर नख मारून गेले. "कांसा?" "गनमेटल." मान हलवली. तेवढं पुरे झालं.

साडेतीनला भरती सुरू आणि दुपारचं खारं वारं पाठीशी. दोन्ही एकाच दिशेनं, आत. शीड एक ओळ आवरून. गिर्येच्या बाजूला मराठ्यांच्या आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे, ती उजव्या हाताला राहिली. लेक म्हणाली थांबू. मी नाही म्हटलं, पाण्याची वेळ जाईल. आता वाटतं थांबायला हवं होतं. पूर्वी या खाडीनं गलबतं खारेपाटणपर्यंत जायची आणि तिथून माल घाट चढून आमच्याकडं वर. आम्ही उलटे आलो होतो, घाट उतरून.

साडेसहाला कांदळवनाच्या एका वळणात नांगर टाकला. डास. तंबू. चांदणं इतकं की विजेरी लागली नाही.

5 मार्च, रविवार

रात्री तीनला होडी कलली. ओहोटीचा तळ, खाली नुसता चिखल. हे होणार हे माहीत होतं, तरी झोपेत माणूस घसरून लेकीच्या अंगावर गेला की तिला सांगता येत नाही की हे हिशोबात आहे. खेकड्यांचा टकटक आवाज पहाटेपर्यंत. पाचनंतर हळूच सरळ झाली, कुणी उचलून धरल्यासारखी.

सकाळी मतलई, जमिनीकडून, गार. पण पाणी अजून आत येत होतं, म्हणून चहा करून थांबलो. पावणेदहाला भरती थांबली आणि निघालो. तासभर वारा आणि ओहोटी दोन्ही मिळाली. मग वारा पडला आणि थोड्या वेळात समोरून खारं वारं सुरू. शीड उतरवलं, वल्ही घेतली. चामडं कड्यात जराही कुरकुरलं नाही, सुंदर. हाताला मात्र फोड. दीडला बंदरात. खारेपाटण राहिलं, पुढच्या खेपेला.

7 मार्च

धुळवड. काल नळाची पाइप लावून होडी आतबाहेर धुतली, मीठ राहू नये म्हणून. बुच काढून नाळेकडून उचलली. पाणी वाहून गेलं.

11 मार्च

सकाळी नाळेच्या कप्प्याचं झाकण फिरवून हात घातला. तळाला ओल. वाटीभर असेल. स्पंजनं टिपलं, चाखलं.

गोड.

म्हणजे खाडीचं नाही, बुड धड आहे. धुतलेलं पाणी वरून, डेकच्या एखाद्या स्क्रूतून आत आलंय. डोलकाठीच्या पुढचा तिसरा स्क्रू किंचित वर दिसतो. उद्या सकाळी तो काढतो, भोक मोठं करून इपॉक्सीनं भरतो आणि पुन्हा पाडतो. तोवर झाकण उघडं ठेवलंय.